बियांचीं तेलें व पोटांतील जंत : परीक्षा कशी करावी

गुरांच्या पोटांतील जंतांवर कोणत्या बियांचें तेल द्यावें, हा प्रश्न आमच्या सभासदांच्या बैठकींत दर पावसाळ्यांत निघतो. कोणी पळसपापडीचें नांव घेतो, कोणी कडुनिंबाचें तेल सांगतो, कोणी करंजाचें, तर कोणी ओव्याचा अर्क. प्रत्येकाजवळ एक अनुभव असतो आणि प्रत्येक अनुभवाचा शेवट एकच असतो : ‘पाजलें आणि जंत पडले.’ अमुक तेल उत्तम असा निकाल देण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. जें तेल उत्तम म्हणून सांगितलें जातें, तें खरोखर तसें आहे कीं नाहीं हें ओळखावें कसें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि पशुवैद्यही नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु त्या नोकरींत एक गोष्ट आम्ही पक्की शिकलों. ती ही कीं, नुसतें डोळ्यांनीं पाहिलेलें व मोजून पाहिलेलें यांत फार अंतर असतें.

आमची स्वतःची चूक

प्रथम आमचीच चूक सांगतों. मुदतीपूर्वीं सेवानिवृत्ति घेतल्यावर आम्हीं घरीं दोन म्हशी ठेविल्या. पहिल्या वर्षीं एका पारडाचें पोट नगाऱ्यासारखें फुगलें, केंस राठ झाले व शेण मातकट आणि दुर्गंधीचें येऊं लागलें. पारडूं त्या वेळीं चार महिन्यांचें होतें. गांवांतील जाणत्यांच्या सांगण्यावरून आम्हीं त्याला कडुनिंबाचें तेल पाजलें. चौथ्या दिवशीं शेणांतून वीतभर लांबीचे पांढरे जंत पडले आणि महिन्याभरांत पारडूं सुधारलें. आम्हांला इतका आनंद झाला कीं, तो उपाय आम्ही चार घरीं सांगत सुटलों. शेजारचे तात्या म्हणाले, “भाऊसाहेब, जंत डोळ्यांदेखत पडले, आणखी पुरावा तो कसला?” आम्हांलाही तें पटलें.

पुढील वर्षीं तात्यांचें पारडूं अवघें पंचवीस दिवसांचें असतां हगवणीनें खंगलें. आमच्याच सांगण्यावरून त्यांनीं तेंच तेल बांबूच्या नळकांड्यानें, पारडाची मान उंच धरून पाजलें. पारडूं ठसकलें. तिसऱ्या दिवशीं त्याला धाप लागली आणि पांचव्या दिवशीं तें गेलें. पशुवैद्यांनीं फाडून पाहिलें तेव्हां तेल फुप्फुसांत उतरल्याच्या खुणा दिसल्या, आणि आंतड्यांत जंतांचे झुबके जसेच्या तसे होते. तात्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. परंतु त्याच महिन्यांत गांवांतील दुसऱ्या एका घरीं, ज्या पारडाला कोणतेंच औषध दिलें नव्हतें, अशा साडेचार महिन्यांच्या पारडानेंही तसेच वीतभर जंत टाकले. तेव्हां मात्र आम्ही पशुवैद्यांकडे जाऊन या जंताची हकीकत नीट विचारून घेतली.

पारडांच्या जंताचा क्रम

म्हशीच्या पारडांत आढळणाऱ्या या मोठ्या गोल जंतास शास्त्रांत टॉक्सोकारा व्हिट्युलोरम असें म्हणतात. याची पूर्ण वाढलेली मादी तीस सेंटिमीटरपर्यंत लांब होते. पारडाला हा जंत गोठ्यांतील घाणीपेक्षां आईच्या दुधांतून अधिक लागतो. म्हशीच्या शरीरांत याच्या सूक्ष्म अळ्या निपचित पडून असतात; ती व्याली म्हणजे त्या जाग्या होऊन दुधांत उतरतात. पारडाच्या आंतड्यांत सुमारें तीन आठवड्यांत त्यांचे पूर्ण जंत होतात व शेणांत अंडीं दिसूं लागतात. पारडूं मरावयाचें तें बहुधा याच काळांत मरतें.

आतां मुख्य गोष्ट ऐकावी. पारडूं जगलें तर त्याचें शरीर हळूहळू या जंतास विरोध करूं लागतें, आणि तें चार-पांच महिन्यांचें होतां होतां बहुतेक जंत आपोआप बाहेर पडतात. म्हणजे चार महिन्यांच्या पारडाला कडुनिंबाचें तेल पाजा, ताक पाजा अथवा नुसतें पाणी पाजा, जंत पडणारच. आमचें पारडूं तेलानें बरें झालें नव्हतें, तें वयानें बरें झालें होतें. जंत पडले हें खरें. तेलानें पडले हें मात्र आमच्या मनाचें.

शिवाय कोणतेंही तेल पुष्कळ पाजलें असतां जनावरास ढाळ होतात. एरंडेलाचें कार्य तर तेंच आहे. ढाळांबरोबर थोडे जंत वाहून येतात आणि तेवढेच आपल्या दृष्टीस पडतात. मागें किती राहिले हें शेण पाहून कळत नाहीं.

दोन तेलांचा इतिहास

यावरून बियांच्या तेलांत कांहींच अर्थ नाहीं असें कोणी समजूं नये. जगांत अशीं दोन तेलें होऊन गेलीं कीं, त्यांनीं लाखो माणसांच्या पोटांतील जंत काढले.

पहिलें तेल आपल्या ओव्याचें. ओव्याच्या बियांतून ऊर्ध्वपातनानें शेंकडा दोन ते चार या प्रमाणांत सुगंधी तेल निघतें आणि त्याचा मोठा भाग थायमॉल असतो. यासच आपण ओव्याचें फूल म्हणतों. आल्प्स पर्वतांत गोथार्डचा पंधरा किलोमीटरांचा बोगदा १८७२ पासून १८८२ पर्यंत खणला जात असतां मजूर पांढरे फटफटीत पडून मरूं लागले. त्यांच्या आंतड्यांत रक्त शोषणारे आंकडेकृमि सांपडले. सुमारें १८८० सालीं ट्यूरिनचे डॉक्टर बोझोलो यांनीं त्यांवर थायमॉल वापरला. १९०९ सालीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत रॉकफेलर यांच्या देणगीनें आंकडेकृमींविरुद्ध मोहीम सुरू झाली, तिचें मुख्य औषध थायमॉलच होतें. त्या काळीं हिंदुस्थानांतील ओवा जर्मनीस जाई व तेथें त्याचा थायमॉल निघे. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें व हा व्यापार बंद पडला. आपला शेतकरी बीं विकी आणि औषध परके करीत, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरें तेल चिनोपोडियमचें. आपल्या चाकवताच्या कुळांतील एका अमेरिकन वनस्पतीच्या बीजयुक्त शेंड्यांपासून तें काढीत. त्यांतील कार्यकारी द्रव्यास ॲस्कारिडोल म्हणतात. १९१५ ते १९१७ या वर्षांत डॉ. डार्लिंग यांच्या मंडळानें मलाया, जावा व फिजी येथें या औषधांची तुलना केली. ती करण्याची रीत आपण शिकण्यासारखी आहे. औषध दिल्यावर रोग्याचा सर्व मळ धुऊन, गाळून त्यांतील जंत एक एक करून मोजावयाचे; नंतर पुनः पुनः औषध देऊन शेवटचा जंत निघेपर्यंत मोजणी चालू ठेवावयाची. असें केल्यावर पोटांत एकूण जंत किती होते व पहिल्या मात्रेनें त्यांपैकीं शेंकडा किती निघाले, हें हिशेबानें सांगतां येतें. नुसते ‘जंत पडले’ म्हणणें आणि ‘शंभरांपैकीं इतके पडले’ म्हणणें यांतील फरक तो हाच.

तरीही हीं दोन्ही तेलें पुढें मागें पडलीं. कारण जंत मारणारी मात्रा आणि रोग्यास मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडें होतें. चिनोपोडियमनें कित्येकांस बहिरेपण आलें व कित्येक दगावले. त्यांत लहान मुलें व अशक्त माणसें अधिक. थायमॉल तेलांत व मद्यांत विरघळतो, म्हणून त्याच्याबरोबर स्निग्ध पदार्थ पोटांत गेला तर तो रक्तांत शोषला जाऊन विषबाधा होई. यास्तव थायमॉलनंतर एरंडेल न देतां एप्सम सॉल्टचा रेच देत. सारांश, औषधाची परीक्षा दोन प्रश्नांची असते : जंत किती मेले, आणि रोग्यास काय झालें. पहिल्या प्रश्नांत उत्तीर्ण झालेलें तेल दुसऱ्यांत नापास होऊं शकतें.

कांचेंतील परीक्षा व पोटांतील परीक्षा

कित्येकदां वर्तमानपत्रांत येतें कीं, अमक्या बियांच्या अर्कानें जंत इतक्या मिनिटांत मेले. असें वाचलें म्हणजे प्रथम विचारावें, कोणते जंत आणि कोठें मेले? १९१८ सालीं अमेरिकेंत सोलमान यांनीं जंतांच्या औषधांची परीक्षा गांडुळांवर केली, आणि आपल्या देशांतील पुष्कळ औषधनिर्माण महाविद्यालयांत आजही तीच रीत चालते, कारण गांडूळ सहज मिळतें. परंतु गांडूळ हें मातींत राहणारें, कातडीनें श्वास घेणारें, शेतकऱ्याच्या उपयोगाचें जनावर आहे. तंबाकूच्या पाण्यानेंही तें मरतें. तें मेलें म्हणजे पारडाच्या आंतड्यांतील जंत मरेलच, असें मुळींच नाहीं.

खरा जंत कांचेच्या पात्रांत मेला तरीही काम अर्धेंच झालें. गाईच्या पहिल्या कोठ्यांत शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. पाजलेलें तेल त्यांत मिसळून पातळ होतें व तेथील सूक्ष्म जंतु त्याचें रूप पालटतात. अमेरिकेंत चिनोपोडियमचें तेल शेळ्यांना देऊन पाहिलें. त्याचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. कांचेंत त्या तेलानें जंतांचीं अंडीं उबण्याचें प्रमाण घटलें. परंतु शेळ्यांच्या पोटांतील पूर्ण वाढलेल्या जंतांवर त्याचा उपयोग दिसून आला नाहीं. तसेंच मेक्सिकोच्या चियापास प्रांतांत ती वनस्पति घरोघर जंतांवर देतात. तेथें तिची वाळलेली पूड माणसांना देऊन मोजणी केली, आणि १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें जंतांवर विशेष परिणाम आढळला नाहीं. एकाच झाडाचें शुद्ध तेल प्रभावी पण धोक्याचें, तर घरगुती पूड निर्धोक पण निरुपयोगी, असें हें प्रकरण आहे. म्हणून ‘अमुक झाड जंतांवर चालतें’ एवढें बोलणें पुरेसें नसतें. झाडाचा कोणता भाग, तेल कोणत्या रीतीनें काढलेलें, मात्रा किती, आणि कोणत्या जनावराच्या कोणत्या जंतावर, हें सर्व सांगितलें पाहिजे.

आपल्याकडील बिया

आपल्याकडील बियांत पळसपापडीची परीक्षा बरीच झाली आहे. आयुर्वेदांत ती कृमिघ्न म्हणून पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. पाकिस्तानांत मेंढ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दर किलो वजनास तीन ग्रॅम बियांचें चूर्ण दिल्यावर दहाव्या दिवशीं शेणांतील अंड्यांची संख्या सुमारें ७८ टक्क्यांनीं घटली. हें फळ लहान नाहीं. परंतु तें चूर्णाचें आहे, घाणीच्या तेलाचें नव्हे. मेंढीचें आहे, पारडाचें नव्हे. शिवाय त्या बियांत जें पॅलॅसोनिन नांवाचें द्रव्य सांपडलें, तें बाजरीच्या कणसांवर येणाऱ्या हिंग्यांच्या अंगांतील विषाचें जवळचें भावंड आहे. हिंगा अंगावर चिरडला असतां फोड उठतात हें आपण सर्व जाणतों. तेव्हां अंदाजानें दुप्पट-तिप्पट पूड चारणें शहाणपणाचें नव्हे.

कडुनिंबाच्या तेलाविषयीं तर स्पष्ट इशारा देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. मलेशियांतील तान्ह्या मुलांना घरगुती औषध म्हणून हें तेल पाजल्यामुळें मेंदू व यकृत यांस जबर इजा झाल्याचा वृत्तांत १९८१ सालीं डॉक्टरांनीं प्रसिद्ध केला आहे. पिकावरील किडीस हें तेल चांगलें. तान्ह्या मुलाच्या पोटांत त्याचा एक थेंबही जाऊं देऊं नये.

परीक्षा कशी करावी

आतां पद्धति सांगतों. महसूल खात्यांत पिकाची आणेवारी, जिला पुढें पैसेवारी म्हणूं लागले, ती नजरअंदाजानें होई तेव्हां नेहमीं वाद होत. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत चिठ्ठीपद्धतीनें शेत निवडून, ठराविक मापाचा तुकडा कापून, धान्य वजन करण्याची रीत आपल्या देशांत शास्त्रशुद्ध पायावर आणली. जंतांच्या औषधाची परीक्षाही त्याच धोरणानें करावयाची असते.

१. पशुवैद्यांच्या देखरेखीखालीं एकाच जातीचीं, साधारण एकाच वयाचीं व एकाच चाऱ्यावरील जनावरें घ्यावीं. यास शेळ्यामेंढ्या सोयीच्या. गाभण, तान्हीं व अशक्त जनावरें घेऊं नयेत.

२. चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट करावे. दर गटांत कमींत कमी दहा जनावरें असावीं. एका गटास परीक्षेचें तेल, दुसऱ्यास तितकेंच शेंगदाण्याचें गोडें तेल व तिसऱ्यास पशुवैद्यांनीं ठरविलेलें माहितीचें औषध द्यावें. निवड मालकाच्या हातीं ठेवूं नये. नाहीं तर जोमदार जनावरें नकळत आवडत्या औषधाकडे जातात.

३. तेल एकाच घाण्याचें, एकाच दिवशीं काढलेलें असावें आणि मात्रा वजन करून ठरवावी.

४. औषधाच्या दिवशीं व पुढें चौदाव्या दिवशीं प्रत्येक जनावराचें ताजें शेण तपासावें. तिसऱ्या-चौथ्या दिवशींच्या तपासणीवर निकाल देऊं नये. कांहीं औषधांनीं मादी मरत नाहीं, थोडे दिवस अंडीं घालावयाची मात्र थांबते.

५. अंडीं मोजण्यास १९३९ सालीं सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेंत निघालेली रीत सर्वत्र मान्य आहे. चार ग्रॅम शेण मिठाच्या छप्पन्न मिलिलिटर संपृक्त पाण्यांत कालवून गाळतात व रेघा आंखलेल्या कांचेच्या दोन खान्यांत भरतात. अंडीं वर तरंगतात. दोन्ही खान्यांच्या चौकटींत दिसतील तितक्या अंड्यांस पन्नासानें गुणिलें म्हणजे एका ग्रॅम शेणांतील अंडीं निघतात. मोजणाऱ्यास कोणतें शेण कोणत्या गटाचें हें सांगूं नये.

६. हिशेब गोड्या तेलाच्या गटाशीं ताडून करावा. समजा, दोन्ही गटांत आरंभीं सरासरी १२०० अंडीं होतीं. चौदाव्या दिवशीं परीक्षेच्या तेलाच्या गटांत ६०० राहिलीं. आपण म्हणूं, निम्मे जंत गेले! पण गोड्या तेलाच्या गटांतही ७०० च राहिलीं असतील, तर तेलाचें स्वतःचें श्रेय सातशांत शंभर, म्हणजे शेंकडा चौदाच. आमच्या पारडाच्या वेळीं हा दुसरा रकाना कोराच होता, म्हणून आमचा निकाल चुकला.

जगांतील पशुरोगतज्ज्ञांनीं १९९२ सालीं घालून दिलेल्या नियमांत मेंढ्या-शेळ्यांच्या औषधानें अंडीं निदान ९५ टक्के घटावीं अशी अपेक्षा आहे. त्याहून कमी घट झाली तर जंत त्या औषधास दाद देईनासे झाले असा संशय घेतात. हें माप आपल्या तेलांसही लावावें. देशी म्हणून सूट देऊं नये व देशी म्हणून तुच्छही लेखूं नये.

संघाचें काम

कोणी विचारील, बाजारांत औषध मिळत असतां हा खटाटोप कशास? उत्तर असें कीं, एकच औषध वर्षांतून अनेकदां, अपुऱ्या मात्रेनें दिल्यामुळें आपल्या देशांतही कित्येक कळपांतील जंत त्यास दाद देत नाहींत. नवीं औषधें लागणार आहेत आणि तीं कदाचित् आपल्याच बांधावर उभीं असतील. परंतु तीस जनावरें, एक सूक्ष्मदर्शक व एक निःपक्षपाती मोजणारा हें एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नाहीं. संघाच्या आवांक्यांतलें आहे. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मार्गदर्शनानें आपल्या संघानें एका वर्षीं एकाच बियेची अशी परीक्षा करावी, आणि फळ अनुकूल असो वा प्रतिकूल, तें याच पानांत छापावें, अशी आमची विनंति आहे. प्रतिकूल फळ छापणें अधिक अगत्याचें, कारण त्यानेंच दुसऱ्याचें पारडूं वांचतें.

तोंपर्यंत सभासदांनीं एवढें पाळावें. पारडूं दहा ते सोळा दिवसांचें असतां पशुवैद्यांकडून त्यास जंतांचें योग्य औषध एकदां द्यावें. जंत वाढून अंडीं घालण्यापूर्वींच मरतात व गोठाही शुद्ध राहतो. आजारी जनावर परीक्षेच्या नांवाखालीं औषधावांचून ठेवूं नये. पातळ औषध पाजतांना मान ताणून उंच करूं नये, जीभ धरूं नये, थोडें थोडें पाजावें आणि जनावर ठसकतांच थांबावें. आणि कोणी ‘जंत डोळ्यांदेखत पडले’ असें सांगेल, तर त्यास आदरपूर्वक विचारावें : पारडाचें वय काय होतें, आणि ज्यास तेल दिलें नाहीं त्याचें काय झालें?

हे दोन प्रश्न आम्हीं वेळेवर विचारले असते, तर तात्यांच्या गोठ्यांत आज एक दुभती म्हैस अधिक असती.